पाण्याकडे पाठ

पोहण्याच्या तलावाच्या कडेला पालकांसाठी एक लांबलचक बाक होता आणि त्यावर पाण्याकडे पाठ करूनच बसायचं, असा सरांचा नियम होता.

सर म्हणायचे, पोर पोहताना आई-बापाचा चेहरा शोधतं. चेहरा शोधायला डोकं वर काढतं. डोकं वर आलं की पाय खाली जातात आणि पाय खाली गेले की शर्यत गेली. ऐकायला कसं झकास! म्हणून त्यांनी बाक उलटा ठोकून घेतला होता, समोरच्या मोठ्या काचेच्या खिडकीकडे तोंड करून. मागच्या मोसमात एका बापाला राहवलं नाही. त्याने वळून पोराला हात केला. त्याच आठवड्यात पोरगा बाद. बापाने सरांच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. तेव्हापासून बाकावरच्या माना जणू प्लास्टरमध्ये घातलेल्या. शिकलीसवरलेली माणसं, घरी बायकोवर आणि ऑफिसात शिपायावर डाफरणारी. पण इथे मान वळवायची एकाचीही टाप नव्हती.

भिंगरीच्या आईचीही नव्हती.

ती शहरात बस चालवायची. आरशातून मागचं जग सांभाळणं हा तिचा धंदा. दारातली म्हातारी नीट चढली का, शाळेचं पोर उतरलं का, मागून मोटरसायकलवाला कुठून घुसतोय, हे सगळं ती न वळता बघायची. अशा बाईला पाण्याकडे पाठ करून बसवायचं, आणि पाण्यात तिचीच एकुलती एक पोरगी!

पण तिने आपला आरसा शोधला होता. सकाळी तलाव सुरू व्हायचा तेव्हा बाहेर काळोख असायचा. आत दिवे, बाहेर काळोख, त्यामुळे समोरच्या काचेत सगळा तलाव दिसायचा. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे, पण दिसायचा. सगळ्या पोरांच्या टोप्या निळ्या, तरी भिंतीकडच्या पट्ट्यात भिंगरीचे हात तिला बरोबर ओळखू यायचे. बाकावरच्या इतरांनाही काचेत दिसत असणारच. पण कुणी कुणाजवळ बोललं नव्हतं. चोरी सगळ्यांची, म्हणून तोंडं सगळ्यांची बंद.

भानगड एकच होती. उजाडलं की काच नुसती काच उरायची. पलीकडे सायकली, कचऱ्याचे डबे, रस्ता. तलाव गायब. आणि सर 'मुकी फेरी' नेमकी शेवटी घ्यायचे, उजाडल्यावर.

मुकी फेरी हे पोरांनी ठेवलेलं नाव. पाण्याखालून, श्वास न घेता, त्या टोकाला जायचं आणि परत यायचं. मध्ये डोकं वर काढलं की नावावर काट.

काल संध्याकाळी भिंगरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती. तोंडात घास, आणि एकदम म्हणाली, "आई, आज मुक्या फेरीत मला भारी वाटलं. आधी छाती फुटेलसं वाटतं ना, ते सगळं थांबलं. भीतीच गेली. आणि मग कुणीतरी दिवे मालवल्यासारखं झालं. एकदम हात भिंतीला लागला तेव्हा कळलं, अरे, मी पोहतेय!"

आईच्या हातातली कढई तिथल्या तिथे थांबली. "दिवे मालवल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे काळं. थोडंसंच गं."

"सरांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? उद्या संघ ठरणार आहे. आणि तूपण सांगायचं नाहीस हां. सांगितलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

बारा वर्षांची पोरगी, आणि जन्माची भाषा. आई रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी सरांना गाठायचं आणि स्पष्ट सांगायचं, असं तिने पक्कं ठरवलं. सकाळी सर दारातच भेटले. शेजारी एका पोराचे वडील, वकील, उभे होते. सर हसून म्हणाले, "काय ताई, बस कुठे लावलीत? गेटसमोर नाही ना?" वकील हसले. आणि ती, गर्दीत ट्रकवाल्याला काच खाली करून शिव्या हासडणारी बाई, तीही हसली. हसून आत येऊन बाकावर बसली. माणसाला वाघाची भीती वाटत नाही एवढी यादीतून नाव कटायची वाटते. पोराचं नाव असलं की मग तर विचारायलाच नको.

आता ती बसली होती आणि काचेत बघत होती. शेजारी सलूनवाला, त्याच्या पलीकडे दातांचे डॉक्टर, टोकाला वकील. रोजचा वेळ घालवायला रोजचा वाद लागलेला होता. जगातला आजवरचा सगळ्यात महान कोच कोण?

"माझं विचाराल तर तो फुटबॉलवाला म्हातारा," सलूनवाला म्हणाला. "च्युइंगम चघळत उभा राहायचा तो. हाफटाइमला खोलीत शिरला की भल्याभल्यांची पातळ व्हायची."

"त्यानेच ना बूट उडवला?" डॉक्टर म्हणाले. "खेळाडूच्या भुवईवर बसला. टाके पडले."

"मग? माप बरोबर होतं ना बुटाचं?"

सगळे खो खो हसले. डॉक्टर डोळे पुसत म्हणाले, "अहो, मोठा कोच म्हणजे तो बास्केटबॉलचा. पहिल्या दिवशी एवढाल्या ताडमाड पोरांना काय शिकवायचा, माहितेय? मोजे घालायला! सुरकुती राहिली की फोड, फोड आला की खेळ गेला. याला म्हणतात बारकावा."

"मोजे तर माझी बायकोपण शिकवते. रोज ओरडून. करा तिला महान."

"तुमच्यावर उपयोग झाला नाही म्हणून ती बाद."

काचेत भिंगरी वळली. एक हात, दुसरा हात. आईने श्वास सोडला. आभाळाची कड पांढरी व्हायला लागली होती. काचेत डब्यांच्या आकृत्या उमटल्या, पोरांच्या अंगावरूनच, जणू पोरं कचऱ्याच्या डब्यांतून पोहत होती.

वकिलांनी घसा खाकरला. त्यांनी खाकरलं की बाकीचे गप्प बसायचे, ते कोर्टातच बसल्यासारखे. "तुम्ही दोघं किरकोळ बोलताय. महान म्हणजे तो बर्फावरच्या हॉकीचा. मॅच बरोबरीत सुटली म्हणून पोरांना मैदान सोडू दिलं नाही. मॅच संपलेली, लोक घरी चाललेले, आणि हा म्हणतो, पळा. परत पळा. दिवे घालवले तिथल्या माणसाने, तरी अंधारात पळा! आणि पुढे काय आणलं? सोनं. नाव काढतात आज."

"त्यातलं कुणी पडलं नाही?" भिंगरीच्या आईने विचारलं.

तिघांनी एकदम तिच्याकडे बघितलं. ती या वादात कधी पडत नसे.

"म्हणजे?"

"अंधारात. पळताना. कुणाला काही झालं नाही?"

वकील मंद हसले. "ताई, पडलेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतं?"

"तेच विचारतेय मी. जिंकलेला सांगतो, सरांनी मला मारलं म्हणून मी घडलो. त्याच्याच शेजारी मार खाऊन जो मोडला, तो कुठे सांगायला येतो? त्याला कोण बोलावतं भाषणाला?"

"अहो ताई, तुम्ही एकदम मनाला लावून घेताय. इथे आपली गंमत चाललीय."

"बसमध्ये गचका बसला असेल सकाळी," सलूनवाला म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

ती गप्प बसली. गप्प बसायला तिला चांगलं येत होतं, त्याच बळावर भिंगरी इथवर आली होती. तिने काचेत बघितलं. सायकली दिसत होत्या. रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. तलाव कुठे नव्हता. तिने मान तिरकी केली, डोळे बारीक केले, दिव्यांचे दोन पुसट पट्टे तेवढे दिसले आणि तेही गेले.

मागे शिट्टी वाजली. "मुकी फेरी! आज ज्याचं डोकं वर येईल, त्याने संघ विसरायचा. क्रमाने सुटा."

 आता कानच उरले. ती ऐकू लागली. भिंतीला पाय मारल्याचा धप्प आवाज, एक सुटलं. थोड्या वेळाने धप्प, दुसरं. मग शांतता. पोहणाऱ्या पोरांचा गलका चालेल, पण ही शांतता नको. मग लांबून कुणीतरी हाऽऽ करून श्वास घेतला. एक परत आलं. कोण आलं? भिंगरीचा श्वास तिला ओळखायला नको का? पोटच्या पोरीचा? पण पाण्यातून वर येणारं प्रत्येक पोर सारख्याच धापा टाकतं.

"सर! इकडे या जरा," वकिलांनी मान न वळवता हाक मारली. "तुम्हीच निकाल द्या बुवा. महान कोच कोण?"

चपलांचा चटकचटक आवाज जवळ आला. सर बाकाला वळसा घालून पुढे आले आणि सलूनवाल्याने सरकून दिलेल्या जागेवर बसले.

बसले! त्यांच्यासारखेच, खिडकीकडे तोंड करून. गळ्यात घड्याळ, हातात शिट्टी. "हे बघा," ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "तुमची ती टीव्हीवरची नावं राहू द्या. माझे सर. माझं डोकं पाण्यात दाबून धरायचे. मी हातपाय झाडायचो. सोडायचे नाहीत. आज मी जो काही आहे तो त्या हातामुळे."

"वा!" डॉक्टर म्हणाले.

"भीती काढून टाकायची, बस. भीती गेली की पोर तुमचं."

भीतीच गेली, असं भिंगरी काल म्हणाली होती.  आईने बाकावरून नजर फिरवली. सलूनवाला, सर, डॉक्टर, वकील. सगळ्यांची तोंडं काचेकडे. बुडणाऱ्याला काढणारा गार्ड तलाव लोकांना उघडल्यावर यायचा, त्याला अजून अवकाश होता. म्हणजे या घडीला पाण्याकडे कोण बघतंय? कुणीच नाही. भरलेली बस उतारावर सुटलीय आणि ड्रायव्हर मागच्या सीटवर बसून गप्पा छाटतोय.

"सर," ती म्हणाली, "पोरं पाण्यात आहेत."

"असू दे की ताई. पोरं पाण्यातच असायला हवीत." हशा. "तर काय सांगत होतो..."

मागे धप्प झालं. मग शांतता. एक हाऽऽ ऐकू आला. पुढचा ऐकू यायला हवा होता. आला नाही. ती थांबली. यायलाच हवा होता आता. वळले तर काय होईल? सर याच बाकावर बसलेत. वर्षभर पहाटे उठलेली पोरगी, हात सोलवटलेली, केस क्लोरीनने पिंजारलेली, आणि मी एका मानेच्या हिसक्याने सगळं घालवीन. ती कधी माफ करणार नाही. आणि नाही वळले तर?

नाही वळले तर, याच्यापुढे तिला विचारच करता आला नाही. ती वळली.

पाणी सपाट होतं. कडेला तीनचार पोरं दम खात लटकलेली. भिंतीकडच्या पट्ट्यातून एक निळी टोपी पाण्याखालून सरळ येत होती. आणि शेजारच्या पट्ट्यात, तळाशी, दुसरी निळी टोपी. ती येतही नव्हती, जातही नव्हती. हात दोन्ही बाजूंना सैल पसरलेले, झोपलेल्या पोराचे असतात तसे.

"सर! पाणी!"

असा आवाज तिने बस चालवतानाही कधी काढला नव्हता. सर उठले, वळले, आणि त्यांचा चेहरा क्षणात म्हातारा झाला. चपलेसकट, कपड्यांसकट त्यांनी उडी घेतली. ती कडेशी धावली. कोण आहे? भिंतीकडच्या पट्ट्यातली का शेजारची? सुरुवातीला ती कुठल्या पट्ट्यात होती? काचेत उलटं दिसतं, की मीच उलटं समजले?

सरांनी पोर वर काढलं. टोपी सरकली. वकिलांचा मुलगा होता, ज्याला सगळे लंबू म्हणायचे. ओठ शाईसारखे निळे.

आपली नाही. पहिला विचार हाच आला तिच्या मनात, आणि तो आला तसा अंगभर ऊन पसरल्यासारखा पसरला. आपली नाही. समोर कुणाचं तरी लेकरू फरशीवर ओल्या फडक्यासारखं पडलेलं, आणि हिला बरं वाटत होतं. तिला स्वतःची किळस आली, पण बरं वाटायचं थांबेना.

सरांनी त्याच्या तोंडात श्वास फुंकला. डॉक्टरांनी नाडी धरली. वकील उभेच होते, तोंड उघडं. पुन्हा श्वास. पुन्हा. मग लंबूच्या घशातून खरखर आली, पाणी आलं, खोकला आला. त्याने डोळे उघडले, सरांकडे पाहिलं आणि पहिलं काय विचारलं असेल?

"सर, पूर्ण झाली का माझी?"

सरांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "होत आली होती, वाघा."

भिंगरी भिंतीला धरून बघत होती. आईने तिला हाताला धरून बाहेर ओढली, टॉवेलात गुंडाळली, आपलं जॅकेट वरून घातलं.

माणसं किती लवकर सावरतात! लंबूला उठवून बाकाला टेकवून बसवतात न बसवतात, तोच वकिलांनी सरांचे ओले हात धरले. "सर, तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर... कपड्यांसकट उडी!"

"आपला वाद मिटला बघा," सलूनवाला डोळे पुसत म्हणाला. "कुठे शोधताय महान कोच? हा काय समोर उभा आहे, निथळत!"

"असं होतं कधी कधी," सर म्हणाले. आवाज पुन्हा जागेवर आला होता. "जोर लावणाऱ्या पोरालाच होतं. घाबरण्यासारखं काही नाही. साखरपाणी द्या, दुपारपर्यंत टुणटुणीत." मग ते भिंगरीच्या आईकडे वळले. "ताई, नियम नियम असतो. पण आज तुम्ही वळलात ते बरं झालं. माफ. भिंगरी संघात आहे."

भिंगरीने आईचा हात गच्च दाबला.

हसून आभार मानायचे आणि घरी जायचं, एवढंच काम होतं. सकाळी दारात ती तशीच हसली होती.

"सर, काल हिच्या डोळ्यांपुढे पाण्याखाली काळोख आला होता," ती म्हणाली.

"आई!"

"मला माहितेय," सर म्हणाले.

"काय?"

"भिंतीला हात लागला तेव्हा डोळे फिरलेले होते तिचे. मी बघितलं. तरी हात भिंतीलाच लावला पोरीने, डोकं वर काढलं नाही. म्हणून तर तिला घेतली."

ते अभिमानाने सांगत होते. खोटं नव्हतंच त्यात काही.  भिंगरीच्या आईने खिशातून फोन काढला आणि अँब्युलन्सला लावला.

"ताई, काय करताय?" वकील पुढे आले. "सर म्हणताहेत ना ठीक आहे!"

"पाणी पोटात नाही, छातीत जातं वकीलसाहेब. आता बोलतोय तो संध्याकाळी बोलेलच असं नाही. डॉक्टर, सांगा की त्यांना!"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "दाखवलेलं बरं, तसं म्हटलं तर..." एवढंच पुटपुटले.

"अँब्युलन्स आली की नोंद होते," सलूनवाला म्हणाला. "तलाव बंद करतील. आमच्या पोरांचं वर्ष बुडेल. तुमची संघात आली म्हणून तुमचं काय जातंय?"

"माझी संघात नाही," ती म्हणाली.

भिंगरीने हात सोडवून घेतला. "तू असं करू शकत नाहीस! सरांनी माफ केलं ना!"

"त्यांनी मला केलं. मी त्यांना नाही केलं."

पोरगी लांब जाऊन पायरीवर बसली, आईकडे पाठ करून. खांदे गदगदत होते. कुणी तिची समजूत काढायला गेलं नाही. सगळे आईकडे बघत होते, जणू तिनेच लंबूला बुडवला.

अँब्युलन्स आली. तिच्यातून एक बुटका, झोप न झालेला माणूस उतरला. त्याने लंबूच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, पाठीला नळी लावून ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "स्ट्रेचर काढ रे," त्याने साथीदाराला सांगितलं. मग मान वर न करता विचारलं, "पाण्याखाली किती वेळ होता?"

सलूनवाला फरशीवरचं पाणी पायाने सारू लागला.

"अहो, बेशुद्ध किती वेळ होता? कोण बघत होतं?"

वकिलांनी सरांकडे पाहिलं. सरांनी गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं. ते चालूच होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी त्यावरचा आकडा वाचला, ओठ हलवले आणि घड्याळ सोडून दिलं. ते फेरी मोजत होतं. लंबूला कुणीच मोजलं नव्हतं.

"इतकी माणसं होती इथे," तो माणूस म्हणाला, "आणि एकालाही सांगता येत नाही?"

"मी बघितलं त्याला."

पायरीवरून आवाज आला. भिंगरी उठून उभी होती. नाक लाल, आईचं जॅकेट गुडघ्यांपर्यंत.

"मी जाताना तो खाली होता. मला वाटलं थांबलाय. येतानापण तिथेच होता." ती सरांकडे बघत होती. "डोकं वर काढलं असतं तर मी बाद झाले असते."

"म्हणजे किती वेळ, बाळा?"

"मी त्या टोकाला जाऊन परत आले तेवढा."

त्या माणसाने मान हलवली आणि स्ट्रेचर उचललं. वकील मागोमाग धावले, एका पायात बूट, दुसरा हातात. आई पायरीपाशी गेली, पण भिंगरीला हात लावायची तिची हिंमत झाली नाही. 

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मी त्याच्या शेजारून गेले गं. दोनदा."

आई तिच्याजवळ खाली बसली. असं काही नसतं, तुझी काही चूक नाही, हे तोंडात आलं होतं. तिने ते गिळलं.

"मीपण बाकावर बसून होते," ती म्हणाली. "चल, दवाखान्यात जाऊ. तो कसा आहे ते बघू."